शेरडांचा माळा

आमच्या शेजारच्या काकांनी साहेबाला नोकरीवरून काढलं होतं. हे मी नाही म्हणत, ते स्वतः म्हणायचे. "लोक म्हणतात मी नोकरी सोडली. साफ चूक. मी साहेब सोडला. नोकरी माझ्याकडेच आहे, ती मी घरी बसून करतो." नागावात कुणी नवा माणूस भेटला की पहिलं वाक्य हेच. समोरचा हसला तर काका त्याच्याशी पुन्हा बोलत नसत. नाही हसला तर त्याच्या दंडाला धरून त्याला आगरात नेत आणि माळा दाखवत.

माळा म्हणजे घराचा नव्हे. रेल्वेच्या जनावरांच्या डब्यात शेळ्यामेंढ्यांसाठी बसवायचा वरचा मजला. आता तुम्ही म्हणाल, नागावात रेल्वे कुठली? नव्हतीच. अलिबागेलाही नव्हती. रेल्वे बघायची हौस असेल तर रेवसला जाऊन बोट धरा आणि मुंबई गाठा. तरी आमच्या काकांच्या आगरात, माडापोफळींच्या मधोमध, रेल्वेचा अख्खा डबा उभा होता. चाकं तेवढी नव्हती. सांगाडा बांबूचा, पण लांबी, रुंदी, उंची इंचाला इंच खरी. वाटेनं जाणाऱ्या परगावच्या बायका देवाचा मांडव समजून हात जोडायच्या. काका आतून ओरडायचे, "पाया काय पडताय, आत या, डोकं कुठं आपटतंय ते सांगा!"

मी त्यांची शेजारीण. नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथंच तापात गेला. मागे उरले मी आणि माझी शेरडं. त्यांच्या दुधावर नि बोकडांवर माझं पोट. तोंडानं मी पहिल्यापासून तिखट आणि काका कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत, म्हणून आमचं बरं जमायचं. ते मला "बाय" म्हणायचे. गोड आवाजात म्हणाले की समजावं, शेरडं उसनी पाहिजेत.

काका मुंबईला डबे बांधायच्या कारखान्यात नकाशे काढायचे. हात इतका सरळ की पट्टीशिवाय रेघ मारली तरी कुणी नाव ठेवू नये. कोट, टोपी, पगार, चाळीत दोन खोल्या, सगळं ठीक चाललं होतं. एकदा त्यांना देशावरून आलेल्या शेळ्यांच्या डब्याचं माप घ्यायला यार्डात पाठवलं. दार उघडलं. पुढचं ते एकाच पद्धतीनं सांगायचे, आणि सांगताना कमरेची घडीची फूटपट्टी उघडमीट करत राहायचे.

"बाय, मधली शेरडं मेलेली होती. मेलेली होती आणि उभी होती. पडायला जागाच न्हवती त्यांना."

एरवी मुंबईचं शुद्ध बोलणारा माणूस इथं आला की 'न्हवती' म्हणायचा. त्या दिवसापासून त्यांनी मटण सोडलं. माळकरी वगैरे काही झाले नाहीत, मासे चापून खायचे. म्हणायचे, "मासा निदान रेल्वेनं येत नाही."

त्यांचं म्हणणं साधं होतं, माझ्यासारखीलाही पहिल्या खेपेत कळलं. शेरडू बुटकं. डब्यात त्याच्या डोक्यावर माणूसभर उंची मोकळी. मग व्यापारी काय करतो? जागा फुकट जाते म्हणून खालीच दाटीवाटीनं कोंबतो. त्याऐवजी मधे मजला घातला की वर निम्मी, खाली निम्मी, सगळी ऐसपैस. साहेबालाही हे पटलं होतं. त्यानं मजला घालायचा हुकूम दिला, पण पक्का. खिळे, पट्ट्या, रिबिटा ठोकून कायमचा. काकांचं डोकं तिथं फिरलं. शेळ्या मुंबईत उतरल्यावर तो डबा परत जाताना बैल नेणार, म्हशी नेणार. त्या काय रांगत जाणार? म्हणजे डबा परतीला रिकामा, म्हणजे रेल्वेला तोटा, म्हणजे वर्षाच्या आत मजला उखडून फेकणार आणि शेरडं पुन्हा आपली उभ्या उभ्या मरणार. मजला काढता-घालता आला पाहिजे, आणि तोही स्टेशनावरच्या दोन हमालांना. हे काकांनी साहेबाला सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा साहेबाच्या टेबलाचा खणच उपसून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हा निघतो म्हणून यात तुम्हाला कागद ठेवता येतो." मग काय, साहेब सोडावाच लागला.

नागावला आल्यावर या माणसानं स्वतःच्या घरात एक वस्तू पक्की ठेवली नाही. दारं बिजागरीवरून उचलून काढता यायची. खाटेचे चार पाय चार बाजूंना निघायचे, आणि कधी कधी माणूस झोपलेला असतानाही निघायचे. देव्हाऱ्याच्या फळीला त्यांनी खाचा पाडल्या तेव्हा काकूंनी मुसळ उचललं होतं. "जे निघत नाही ते कुजतं," असं त्यांचं एक घरचं शास्त्र होतं, आणि ते कुठंही लावायचे. पाटलाच्या भाषणाला, माझ्या अंबाड्याला, गावच्या मारुतीच्या शेंदराला. लोकांच्या गोठ्यात न विचारता शिरायचे, पट्टी उघडून म्हशीची उंची घ्यायचे आणि म्हशीला "बरं आहे" असं सांगून बाहेर पडायचे.

काकूंबद्दल सांगायलाच हवं. बुटक्या, गोऱ्या, फणसासारख्या काटेरी. मुंबईचं बिऱ्हाड गेलं, पगार गेला, त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण एका वर्षी पाऊस सरल्यावर अंगणात मांडव घालायची वेळ आली, तर मांडवाचे वासे जाग्यावर नाहीत! पोफळीच्या चिरलेल्या रिपा नाहीत, सुंभाची भेंडोळी नाहीत. सगळं काकांच्या डब्यात. अंगणात सावली नाही नि सुपारी वाळवायला माच नाही. तेव्हापासून काकूंच्या बोलण्यात तो डबा म्हणजे 'यांचा सांगाडा'. "यांच्या सांगाड्यात जेवण वाढू का?" "यांच्या सांगाड्याला ताप आलाय का बघा, आज उठले नाहीत." पंचवीस वर्षांचा संसार, पण त्या माळ्याला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. येताजाता त्याच्याकडे पाठ करून चालायच्या.

मांडवावरूनच काकांना युक्ती सुचली होती, हे मात्र खरं. आपल्याकडे मांडव दरवर्षी घालतात, दरवर्षी सोडतात. एक खिळा लागत नाही. पोफळीच्या रिपा आणि काथ्याची दोरी. दोरी खाडीच्या पाण्यात भिजवायची, ओली असताना आवळायची. मिठाची दोरी सुटत नाही, कुजत नाही, खारा वारा खाऊन वर्षभर आवळून बसते. मचव्यांवर तेच, मांडवाला तेच. काका म्हणायचे, "लोखंडाची खीळ दिली तर पहिल्याच स्टेशनावर चोरीला जाईल. सुंभ कोण चोरतो?"

माळा तयार झाला आणि माझी शेरडं उसनी गेली. फळीवरून चढवायला गेलो, तर एक चढेल तर शपथ! काकांनी ढकललं, पाला दाखवला, शेवटी इंग्रजीत शिव्या दिल्या. मी माडाखाली पान खात बसले होते. म्हटलं, "काका, त्या रिपांच्या फटीतून खालचं दिसतंय. शेरडू फटीवर पाय ठेवतंय होय? आणि वरची खालच्यांच्या अंगावर मुततील ते निराळंच." मी उठले, माडाच्या झावळ्यांचे विणलेले दोन झाप आणून रिपांवर पसरले, एका अंगाला उतार दिला. माझी म्हातारी शेळी ऐटीत वर गेली, मागून बाकीची. काकांनी पट्टी उघडून झापाचा उतार मोजला. दुसऱ्या दिवशी गावात सांगत होते, "रात्रभर विचार करून झापाची योजना केली मी." मेला लबाड!

मिठाचा सत्याग्रह नुकता होऊन गेला होता. अलिबागेहून टोपीवाली पोरं यायची, काकांना म्हणायची, साहेबाशी कसले अर्ज करता, आमच्यात या. काका त्यांना डब्यात बसवून उकडलेल्या शेंगा द्यायचे आणि म्हणायचे, "तुम्ही स्वराज्य मागा. मी शेरडासाठी तीन फूट मागतोय. बघू कुणाला आधी मिळतं."

साहेब बदलला. नव्या साहेबाच्या दारात काका इतक्या वेळा जाऊन उभे राहिले की शेवटी कंटाळून त्यानं एक खेप कबूल केली. एकच. माळा यार्डातल्या खऱ्या डब्यात बसवायचा, डबा रिकामा देशावर जाणार, शेळ्या भरून परत येणार. उतरताना सगळी शेरडं धड असली आणि माळ्याची एक गाठ ढिली नसली, तर तसे डबे करायचे. नाहीतर काकांनी पुन्हा यार्डात पाय टाकायचा नाही. जनावरांसोबत डब्यात माणसं लागतातच. काका म्हणाले, मी आणि बाय. शेरडाचं मन हिलाच कळतं.

गावात जी कुजबूज सुरू झाली ती विचारू नका. विधवा बाई, परका पुरुष, आणि शेळ्यांचा डबा! काकूंनी ओटीवर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मीही जाणार आहे. यांचा सांगाडा कुठं जाऊन पडतो ते मला बघायचंय." आणि रेल्वेचं पाणी पिणार नाही म्हणून स्वतःच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी, तोंडाला फडकं बांधून, नागावपासून घेतली.

मुंबईच्या यार्डात काकांनी स्वतः खाडीच्या पाण्यात भिजवून एकेक गाठ आवळली. डबा घाट चढून देशावर गेला. सकाळच्या गारव्यात शेरडं भरली. व्यापारी होता धिप्पाड, दाढीला मेंदी लावलेला. वरच्या शेरडांकडे बघून म्हणाला, "भाऊ, ही गिरली तर?"

"गिरली तर माझ्या डोक्यावर गिरतील," काका म्हणाले आणि माळ्याच्या बरोबर मधोमध खाली जाऊन बसले. पट्टी मांडीवर. नवऱ्या मुलासारखा चेहरा.

चैत्र संपत आला होता. आमच्याकडचं ऊन घामाचं, ते ऊन कोरडं. लाह्या फुटाव्यात तसं. वारा आला तरी भट्टीच्या तोंडासारखा. दुपार चढली आणि मला वर कुरकुर ऐकू आली. बघते तर कोपऱ्यातली गाठ, जिच्यात सकाळी सुई गेली नसती, तिच्यात माझं बोट जात होतं. दुसरी बघितली, तीही तशीच. देशाच्या वाऱ्यानं दोरीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. समुद्रापासून दूर दोरी अशी वागते हे आम्हाला कुणाला ठाऊक? आमच्या सात पिढ्यांनी मांडव बांधले ते खाऱ्या वाऱ्यात.

"काका, माळा बसतोय!"

काकांनी बघितलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एक क्षणभर म्हातारा दिसला तो माणूस. मग ते उठले, कोपरा खाली आला होता त्याच्याखाली गेले आणि खांदा लावला. तेवढ्यात गाडी एका स्टेशनावर थांबली. व्यापारी पुढच्या डब्यातून धावत आला, गार्ड आला. गार्ड म्हणाला, वरची जनावरं खाली घ्या, माळा नापास, संपलं.

"हात लावून दाखव!" काका वाकलेल्या मानेनं ओरडले. "खाली घेतलीस तर मधली मरतील! मी बाजूला होणार नाही. काढायचं तर मला आधी काढ!"

गार्ड कसला काढतोय? शिट्टी वाजवून निघून गेला. गाडी चालू झाली. काका खांदा देऊन उभे, वर शेरडं बें बें करतायत. मी शेरडांच्या पाण्याच्या पिंपाकडे धावले, तर पुन्हा ओरडले, "त्या पाण्याला हात लावू नकोस! ते त्यांचं आहे!"

मग दोरीवर घालू काय, माझी थुंकी?

काकू दाराशी पदर नाकाला लावून बसल्या होत्या. उठल्या. कळशीचं फडकं सोडलं. आपल्या विहिरीचं, आपल्या पिण्याचं पाणी त्यांनी ओंजळीओंजळीनं गाठींवर शिंपडायला सुरुवात केली, आणि मी मागून गाठी पिळत गेले. कळशी रिकामी झाली. पुढच्या प्रत्येक स्टेशनावर त्या उतरायच्या आणि ज्या रेल्वेच्या पाण्याला शिवणार नव्हत्या त्याच नळाखाली कळशी धरायच्या. दोरी हळूहळू आवळली. काकांनी खांदा काढला तेव्हा कोट फाटून कातडं सोललेलं होतं. घाट उतरून खाली आलो तशी ओळखीची ओली हवा लागली, आणि गाठी अशा बसल्या की जणू काही झालंच नव्हतं.

यार्डात साहेब वाट बघत होता. व्यापाऱ्यानं शेरडं उतरवून मोजून घेतली, सगळी चालत गेली, लंगडं एक नाही. जाताना तो काकांच्या पाठीवर थाप मारून गेला. साहेबानं छडीनं माळा ठोकला, गाठी ओढून बघितल्या, लोंबकळला म्हणा ना जवळजवळ. एक हलेना. गार्ड कुठल्या कुठं बदलून गेलेला. साहेब हसला, काकांना म्हणाला, "बहोत अच्छा. हम डब्बा बनायेगा."

काय सांगू मला काय वाटलं! मी काकूंचा हात गच्च धरला. इतकी वर्षं वेडा म्हणून ज्याला गावानं हिणवलं त्याचं झालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदा गप्प बसायचं होतं!

"साहेब, दोरी सुटली होती," काका म्हणाले.

मी त्यांच्या कुशीत कोपर मारलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. कोरड्या हवेत दोरी कशी सैल पडते, खांदा कसा दिला, पाणी कुठं शिंपडलं, सगळं सांगून मोकळे झाले. म्हणाले, "दोरी नापास. माळा पास. दोरीऐवजी लोखंडी आकडे घाला, चोरी होणार नाही असे मी काढून देतो. कागदावर दोन्ही लिहा."

साहेबाचं हसू गेलं. एक खेप ठरली होती. गाठ ढिली पडली. नापास. हे भंगार तासाभरात बाहेर काढा आणि पुन्हा येऊ नका.

मी तिथंच भांडायला उठले. साहेबाशी नाही, काकांशी! "कोण विचारत होतं तुम्हाला? जीभ काय खाजवत होती? हाताशी आलेलं घालवलंत!"

"बाय, उद्याच्या डब्यात मी नसणार," काका शांतपणे म्हणाले. "दोऱ्या कोण भिजवेल? खाली शेरडं असतील."

पाणी आलं डोळ्यांत, रागानंच आलं. काका तोवर साहेबाकडे वळले होते. फाटका कोट काढून त्यांनी जमिनीवर टाकला. "तास कशाला लागतो? घड्याळ काढा. काढा घड्याळ! निघतो की नाही एवढं तरी बघा!"

आणि साहेबानं, देव जाणे का, खिशातून घड्याळ काढलं.

काकांनी एक बाजू धरली, मी दुसरी. मांडवाच्याच गाठी त्या, नेमका शेव ओढला की सुटत होत्या, रिपा खाली येत होत्या, झाप गुंडाळले जात होते. यार्डातले हमाल काम सोडून बघत उभे राहिले. त्यांच्या विड्या संपायच्या आत डबा रिकामा झाला, बैल उभा राहावा असा. काकांनी शेवटची रिप खांद्यावर घेतली, त्याच सोललेल्या खांद्यावर, आणि साहेबाकडे न बघता चालू लागले. साहेब घड्याळ हातात धरून तसाच उभा होता. त्यानं किती वेळ झाला ते सांगितलं नाही.

रेवसच्या बोटीवर आम्ही रिपांच्या मोळ्यांना टेकून बसलो होतो. काका मुंबईकडे पाठ करून बसले होते, पट्टी कमरेलाच होती, उघडली नव्हती. काकू मोळीतली एक रिप ओढून बघत होत्या. उलटीपालटी करून, बोटानं खाच चाचपून. माळा झाल्यापासून पहिल्यांदा.

"इथं लोखंडी आकडा बसेल," त्या म्हणाल्या. "पुढल्या खेपेला इथं आपण आकडा घालू."

काकांनी मान वर केली. "पुढली खेप नाही. साहेब नाही म्हणालाय."

"साहेबाला विचारलंय कुणी?" काकू म्हणाल्या. "पट्टी आणा इकडे."